हलकी स्लीपिंग बॅग घ्यायचीय, -५ वाली घेऊ का?

चाकावरचा:
मंडळी, पुढच्या महिन्यात आठवडाभर सायकलवर निघतोय, राहायचं तंबूतच. रात्री पारा ५-६ अंशांवर येईल असं धरून चाललोय. घरातली जुनी बॅग पावणेदोन किलोची, आणि गुडघ्याने दाबून दाबून बसवली तरी एक अख्खा पॅनियर (सायकलच्या बाजूला लटकवायची बॅग) गिळते, मग बाकीचं सामान काय डोक्यावर घेऊ? एक डाऊनची (पक्ष्यांच्या मऊ पिसांची) बघितलीय, ७०० ग्रॅम, वर मोठ्या अक्षरात -५ छापलंय. घेऊन टाकू ना?

पंक्चरवाला:
थांब जरा, ते -५ नक्की कुठलं ते बघ आधी. स्लीपिंग बॅगच्या तापमान चाचणीचं मानक आहे आयएसओ २३५३७, त्याचं लेबल असेल (जुन्या बॅगांवर ईएन १३५३७) तर कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान), लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते), एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे झोप नाही रे, कसाबसा जीव वाचेल एवढंच, तेही हायपोथर्मियाची (अंग धोकादायक गार पडण्याची) टांगती तलवार डोक्यावर ठेवून. विकणारे सगळ्यात भारी दिसणारा आकडा पुढे करतात. मी असाच फसलो होतो, पहाटे तीनला अंगात रेनकोट आणि पाय बॅगेसकट रिकाम्या पॅनियरमध्ये खुपसून उजाडायची वाट बघत बसलेलो. तू कम्फर्टचाच आकडा धर.

सुस्त_गिअर:
आणि खाली काय टाकणार ते कुणीच विचारलं नाही! अंगाखालचं फिलिंग आपल्या वजनाने चपटं होतं, त्यात हवाच राहत नाही मग ऊब कुठून येणार, जमिनीची थंडी अडवते ती मॅट. आर-व्हॅल्यू (मॅट थंडी किती अडवते तो आकडा) बघून घे, तुझ्या थंडीला ३ च्या आसपासची पुरे. मी तर आता बॅग सोडून रजईसारखी क्विल्टच वापरतो, तिला पाठच नसते, तेवढंच वजन वाचतं. फक्त झोपेत लोळायची सवय असेल तर नको, बाजूने गार वारा शिरतो.

चाकावरचा:
लेबल बघितलं. -५ एक्स्ट्रीमच निघालं, कम्फर्ट ११ 😅 बरं मग सिंथेटिक (कृत्रिम धागे भरलेली) घेऊ का? पावसाची भीती वाटतेय.

ओली_चादर:
सिंथेटिक भिजली तरी थोडीफार ऊब देते हे खरं, पण तेवढ्याच उबेची घ्यायची तर जड पडते आणि मुख्य म्हणजे दबत नाही, परत तुझा पॅनियर भरला. मी डाऊनच म्हणेन, पाणी न शिरणाऱ्या ड्रायबॅगमध्ये घालून. नुसत्या ८०० फिल पॉवरला (डाऊन किती फुगतं तो आकडा) भुलू नकोस हां, आत डाऊन भरलंय किती ग्रॅम तेही विचार, चांगलं पण चिमूटभर भरलेलं असेल तर काय उपयोग. पावसापेक्षा जास्त त्रास तंबूच्या आत धरणाऱ्या दवाचा होतो, सकाळी बॅगेचं पायाकडचं टोक कापडाला टेकून ओलं झालेलं असतं. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेव आणि दुपारी जेवायला थांबलास की बॅग सायकलवर पसरून वाळव. घरी आल्यावर मात्र ती बारक्या पिशवीत कोंबून ठेवू नकोस, फुगणंच विसरते.

पंक्चरवाला:
+१. माझी दोन वर्षं कोंबून ठेवलेली, आता पापड झालाय.

चाकावरचा:
ओके, मग कम्फर्ट ३-४ वाली डाऊन शोधतो. ९०० ग्रॅमपर्यंत गेली तरी चालेल. मॅट माझी योगावालीच आहे, ती चालेल का?

सुस्त_गिअर:
नाही.