रंगीत मंदिर उकरल्यानंतर पुन्हा बुजवावे का?

चर्चेचा प्रस्ताव
पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांच्या कच्च्या विटांच्या मंदिरांवरील रंग हजाराहून अधिक वर्षे टिकले, ते मुख्यतः मातीखाली होते म्हणून. त्यामुळे उत्खननात रंगीत भिंत लागली, तर तिची सविस्तर नोंद करून ती पुन्हा झाकावी, असे माझे ठाम मत आहे. भिंत उघडी पडली की आतली ओल पृष्ठभागाकडे येऊन सुकते, तिच्यासोबत आलेल्या क्षारांचे रंगाच्या थराखाली स्फटिक बनतात आणि रंग आतून उचलला जाऊन पापुद्र्यांनी गळू लागतो. पान्यामार्का या मोचे मंदिरस्थळी १९५० च्या दशकात नोंदवलेली बरीचशी चित्रे उघड्यावर राहून नष्ट झाली. २०१० मध्ये तेथे सापडलेली नवी चित्रे मात्र अभ्यासानंतर पुन्हा झाकण्यात आली.

विरोधी मत
बुजवणे म्हणजे जतन, हे मला मान्य नाही. झाकलेल्या भिंतीची रोजची देखरेख करता येत नाही, आणि माती लुटारूंना अडवत नाही. वाका देल सोल या मोचे लोकांच्या कच्च्या विटांच्या प्रचंड वास्तूचा मोठा भाग तर वसाहतकाळात खजिन्यासाठी नदीचा प्रवाह वळवून वाहवून टाकला गेला. शेजारच्याच वाका दे ला लूना या मोचे मंदिरात १९९१ पासून उत्खनन आणि संवर्धन हातात हात घालून चालले आहे. तेथील रंगीत उठावचित्रे छपराखाली जागच्या जागी पाहता येतात, आणि लोक ती पाहतात म्हणूनच त्यांच्यासाठी निधीही उभा राहतो.

प्रस्तावकाचे उत्तर
लूनाचे उदाहरण मोलाचे आहे, परंतु तेथील जुन्या भिंती वाचल्या त्या मोचे लोकांनी स्वतःच जुने मंदिर विटांनी भरून त्यावर नवे उभारले म्हणून. शिवाय उघडी भिंत रसायनांनी पक्की करण्याचा मोह फार घातक असतो. मेक्सिकोतील अनेक स्थळांवर कृत्रिम राळेचा लेप दिल्याने भिंतीची छिद्रे बुजली, क्षार आत साचले आणि लेपासोबत रंगही निघून आला. अशा वेळी भू-वस्त्राचा (मातीत घालायच्या, पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडाचा) थर आणि चाळलेली माती हेच मला अधिक सुरक्षित वाटते.

आणखी एक मत
माझा आक्षेप दोघांच्याही क्रमाला आहे. बुजवायचे की छप्पर घालायचे, हा निर्णय रंग दिसू लागल्यावर घाईत होतो, तेव्हा एल निन्योमुळे पेरूच्या किनाऱ्यावर कोसळणारा पाऊस वाट पाहत नाही. संवर्धक पहिल्या दिवसापासून खड्ड्यात हजर असेल आणि छपराचा किंवा पुनर्भरणाचा खर्च आधीच मंजूर असेल, तरच उत्खननाचा परवाना द्यावा.