रूट असूनही सीएचमॉड होत नाही, कर्नल नक्की कुठे अडवतो?

ऐरोली_ऑप्स: मंडळी, महाप्याच्या सर्व्हरवर डॉकर कंटेनर (प्रोग्रॅमसाठीचा वेगळा बंद कप्पा) आहे, होस्टवरचं, म्हणजे मूळ मशीनवरचं, कॉन्फिग फोल्डर आत माउंट केलंय (जोडलंय). कंटेनरमध्ये रूटने (सर्वाधिकारी युजरने) सीएचमॉड ६४० (फाइलच्या परवानग्या बदलायची कमांड) दिलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. फाइलचा मालक रूटच, माउंट रीड-राइट. सीएचअॅटर मायनस आय (फाइलवरचा ‘आय’ फ्लॅग काढायची कमांड) दिलं तर तेही अडतं. रूटला अडवतंय कोण?

कळवा_खाडी: लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) इथे ‘रूट आहे का’ हे बघत नाही, त्या कामाची कॅपेबिलिटी (रूटच्या हक्कांचा सुटा तुकडा) आहे का ते बघतो. सीएचमॉडला मालक असणं किंवा कॅप_एफओनर (मालकीची अट माफ करणारी कॅपेबिलिटी) पुरतं. फाइलवर राइट परवानगी असणं-नसणं इथे मोजलंच जात नाही. पण त्याच्याही आधी नोटिफाय_चेंज हे कर्नलचं फंक्शन इम्युटेबल फ्लॅग (‘आय’, फाइल बदलूच न देणारी खूण) तपासतं. तो लागलेला असेल तर कुठलीच कॅपेबिलिटी कामाला येत नाही. फ्लॅग काढायला कॅप_लिनक्स_इम्युटेबल, क्रमांक ९, लागते आणि डॉकर ती कंटेनरला आपणहून देत नाही. म्हणून तुमच्या दोन्ही कमांड पडतात.

होस्टवर एलएसअॅटर (फाइलचे फ्लॅग दाखवणारी कमांड) चालवा. रेघांच्या ओळीत पाचव्या जागी ‘आय’ दिसेल. तिथूनच काढा, सीएचमॉड करा, परत लावा. कंटेनरला ही कॅपेबिलिटी कृपया देऊ नका. आत घुसलेल्यालाही मग तेच कुलूप उघडता येईल.

वाशी_सेक्टर१७: एररचे शब्द नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं तर आधी एसईलिनक्सवर (लिनक्समधल्या जादा सुरक्षा-नियमांच्या यंत्रणेवर) संशय घ्यायचा. त्याची तपासणी इम्युटेबलच्या नंतर होते आणि ऑडिट लॉगमध्ये ‘सेटअॅटर’ (फाइलचे गुणधर्म बदलणं) नाकारल्याची नोंद पडते.

ऐरोली_ऑप्स: ‘आय’च होता, काम झालं. आता त्याच फोल्डरातल्या बॅकअपच्या बायनरीचा मालक सीएचओन कमांडने बदलला, तर सेट-यूआयडी बिट (प्रोग्रॅम फाइलच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) गेला. हेही फ्लॅगमुळेच का?

कळवा_खाडी: नाही, हे कर्नल मुद्दाम करतो. बिट तसाच राहिला, तर एका युजरच्या हक्काने चालणारा प्रोग्रॅम मालक बदलताच नव्या मालकाच्या, म्हणजे प्रसंगी रूटच्या हक्काने चालायला लागेल. कर्नल २.२.१३ पासून रूटने सीएचओन केलं तरी बिट जातो. सेटकॅप कमांडने दिलेल्या फाइल कॅपेबिलिटीही जातात. म्हणून आधी सीएचओन, मग सीएचमॉड, शेवटी सेटकॅप.

वाशी_सेक्टर१७: सेट-जीआयडीला (फाइलच्या ग्रुपच्या हक्काने चालवणाऱ्या बिटला) जास्त जपा. फाइलच्या ग्रुपमध्ये नसलेल्या आणि कॅप_एफसेटआयडी (हा बिट राखू देणारी कॅपेबिलिटी) नसलेल्या मालकाने सीएचमॉड २७५५ (पहिला २ म्हणजे सेट-जीआयडी) केलं, तर कर्नल बिट गाळतो आणि तरीही यशच कळवतो. स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड ० बघून पुढे जाऊ नका, स्टॅट कमांडने मोड (परवानग्यांचे आकडे) परत वाचा.