मधमाश्यांच्या पेटीला धूर द्यायच्या स्मोकरमध्ये (भात्याच्या धुरडब्यात) तंबाखूचा चुरा घालावा का?

निपाणी भाग : आपल्याकडे तंबाखूचा चुरा हाताशी असतो. शेणीच्या निखाऱ्यावर चिमूटभर टाकला की माश्या लगेच गप्प होतात, इटालियन माश्यांच्या पेटीतले व्हरोआ माइटही (माशीच्या अंगाला चिकटणारे बारीक परजीवी) तळपाटावर पडतात. माझं मत, घालावा.

खानापूर : घालू नये. माशी शांत होणं वेगळं, तिला भोवळ येणं वेगळं. साध्या धुरानं कामकरी माश्या पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मध पोटात भरायला लागतात. शिवाय नांगीजवळून सुटणारा धोक्याचा वास त्यांच्या मिशांना नीट कळेनासा होतो. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणूनच डंख बसला तर त्याच जागेवर आधी धूर द्यायचा. हा परिणाम १०-२० मिनिटांत उतरतो. निकोटीन मात्र कीटकनाशक आहे, सरळ मज्जातंतूंवर जातं. पानापानात त्याचं प्रमाण वेगळं, मग तुमची चिमूट मोजायची कशी?

निपाणी भाग : भाऊ, पण माइट पडतात हे तर खरं ना?

जांबोटी : पडतात, मरतातच असं नाही. तळाला चिकट कागद नसेल तर गुंगी उतरल्यावर परत माशीवर चढतात. पिल्लं असलेल्या पेटीत बहुतेक माइट झाकलेल्या घरांत दडलेले असतात, तिथं धूर पोचतच नाही. सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचा, तर प्रश्नच नाही, ती एकमेकींच्या अंगावरचे माइट स्वतःच काढते.

चिकोडी : माझा विरोध तंबाखूला आणि साध्या धुरालाही. सातेरीला साधा धूरसुद्धा जास्त झाला तर ती पेटीच सोडून जाते. सकाळच्या शांत वेळेला हळू हातानं झाकण काढलं तर बऱ्याचदा धूर लागतच नाही.

खानापूर : कमी द्या, पण स्मोकर पेटवून जवळ ठेवाच. चिडल्यावर पेटवायला घेतलात तर उशीर झालेला असतो. तळाला पेटती शेणी, त्यावर नारळाचा काथ्या किंवा जुनं तागाचं पोतं (औषध मारलेलं नको), वर मूठभर ओलं गवत. भाता दाबून धूर तळहातावर घ्या : पांढरा, दाट, थंड हवा. चटका बसला किंवा ठिणगी आली तर पंख जळतात. इटालियनला दारातून २-३ फुंकर, सातेरीला एकच. मग मिनिट-दोन मिनिटं थांबून झाकण उचला. लोक थांबत नाहीत, तिथंच चुकतं.

चिकोडी : हे पटलं. मुंग्यांसाठी मात्र धूर करत बसू नका, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

निपाणी भाग : चिकट कागद घालून एकदा तंबाखू द्यायला तरी हरकत नसावी.

जांबोटी : मधकोठी (पेटीवरचा मध साठायचा मजला) चढवलेली असेल तर अजिबात नको. मध वास धरतो, तंबाखूचा तर धरायलाच नको.