दोन नायिका, दोन तत्त्वे: वैराला निराळे कारण लागते की शक्ती पुरते?

धागाकर्ती, टिळकवाडी (बेळगाव)

माझी भाची अकरावीत आहे आणि गेले वर्षभर ती ज्या अद्भुत कादंबऱ्या वाचते, त्यांतील निम्म्यांचा साचा मला आता पाठ झाला आहे. एका मुलीच्या हाती अग्नी असतो, दुसरीच्या हाती पाणी, आणि दोघींच्या मध्ये एक गादी किंवा एक राजपुत्र. अग्नीची मुलगी तापट आणि पाण्याची शांत, हे पहिल्या प्रकरणातच ठरून जाते. माझा आक्षेप जादूला नाही. शक्तीला स्वभावाच्या जागी बसवले की वैराचे कारण शोधण्याच्या कष्टातून लेखक मोकळा होतो, आणि विस्तव व पाणी यांचे पटत नाही एवढ्याच भांडवलावर चारशे पाने लिहून काढतो, याला आहे.

मुळात तत्त्वांमध्ये वैर आहे असे जुन्या विचारवंतांनाही वाटत नव्हते. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी आणि पाण्यापासून पृथ्वी असा क्रम दिला आहे. त्या हिशेबाने पाणी हे अग्नीचे अपत्य ठरते. ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसने चार मूलतत्त्वे मानली, पण त्यांना जोडणारे प्रेम आणि तोडणारा कलह या दोन शक्ती त्याने त्यांच्याहून वेगळ्या ठेवल्या. म्हणजे भांडण बाहेरून येते, हे त्यालाही मान्य होते.

माझी सूचना अशी की दोघींना एकच तत्त्व द्यावे. उदाहरण आपल्या दाराशीच आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला सौंदत्तीकडे जाते. त्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवायचे की नाही, यावर दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत, आणि २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देऊ केल्यानंतरही ते भांडण मिटलेले नाही. दोन्हीकडे पाणीच आहे, आणि दोन्हीकडच्या लोकांना त्याची गरज आहे. असे वैर वाचायला मी चारशे काय, आठशे पाने देईन.

एक वाचक, निपाणी

ताई, आपला युक्तिवाद प्रौढ वाचकाचा आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी ही पुस्तके तत्त्वज्ञानासाठी वाचत नाही. जन्मतः आपल्यावर जो शिक्का बसला आहे त्याचे काय करायचे, हा तिचा प्रश्न असतो. अग्नीच्या घराण्यात जन्मलेल्या मुलीने अग्नीसारखेच वागले पाहिजे, ही सक्ती म्हणजे आपल्याकडची जातच आहे, फक्त तिला झगझगीत कपडे चढवले आहेत. घरात मराठी, कचेरीच्या अर्जात कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन रकान्यांत वाढलेल्या सीमाभागातल्या मुलीला तर हे समजावून सांगावेच लागत नाही. शिक्का उठून दिसायचा असेल, तर तो ठळकच हवा. चांगल्या कादंबरीत तापटपणा हा त्या मुलीचा स्वभाव नसतो, तो तिच्याकडून अपेक्षिला जातो, आणि शेवटी दोघींना कळते की आपल्याला दोन रांगांत उभे करणारा कोणी तिसराच होता. आणि एक व्यवहाराची गोष्ट: दोन्ही नायिका पाण्याच्या असतील, तर पन्नासाव्या पानापर्यंत वाचकाचा गोंधळ उडेल.

एक शिक्षिका, खानापूर

आपण दोघेही शक्ती कोणती यावर बोलत आहात. तिची किंमत काय, यावर कोणी बोलत नाही. आमच्या भागात मातीची भांडी घडवणारी घरे आहेत, त्यामुळे न भाजलेले मडके पाणी धरत नाही हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. म्हणूनच रेणुकेची कथा सांगितली की वर्ग गप्प होतो. रोज नदीच्या वाळूचे ताजे मडके घडवायचे, सापाची चुंबळ करायची आणि जमदग्नींच्या पूजेसाठी पाणी आणायचे, हे तिला साधते. पण एके दिवशी जलक्रीडा पाहताना मन क्षणभर विचलित होते आणि मडके घडेनासे होते. अट मोडली की शक्ती गेली. आजच्या कादंबऱ्यांत नायिका डोंगर हलवते, फार तर नाकातून रक्ताचा थेंब येतो, आणि पुढच्या प्रकरणात ती मेजवानीला हजर असते.

एक वाचक, निपाणी

बाई, किंमत हवी, हे मान्य. पण रेणुकेची अट तिने स्वतः घातलेली नव्हती आणि शिक्षाही तिच्या कृतीला झाली नाही, मनात आलेल्या विचाराला झाली. यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्याच, डोंगरावर जाणाऱ्या माझ्या घरातल्या बायकांबद्दल मला आदर आहे. तरीही तीच अट सतराव्या वर्षाच्या मुलीपुढे आदर्श म्हणून ठेवायला मी तयार नाही.

एक शेतकरी वाचक, अथणी

पाण्याची मुलगी शांत असते, असे ज्याने लिहिले त्याने ऑगस्ट २०१९ मधली कृष्णा पाहिलेली नाही. आमच्या तालुक्यात नदीकाठ बुडतो तेव्हा आतली गावे पावसाची वाट पाहत असतात, आणि उन्हाळ्यात हीच नदी पाहायला जावेसे वाटत नाही. वर कोयना, खाली अलमट्टी, मध्ये आम्ही. धरणाचे दार केव्हा उघडायचे, हे ज्याच्या हाती तोच आमच्यासाठी जादूगार. धागाकर्त्या बाईंची एकाच तत्त्वाची सूचना मला पटली. फक्त एकीला नदीच्या वरच्या गावात जन्म द्यावा आणि दुसरीला खालच्या, म्हणजे निपाणीकरांचा गोंधळ उडणार नाही.

एक वाचक, निपाणी

वरच्या गावची आणि खालच्या गावची, ही वाटणी उत्तम आहे. मात्र मग त्या दोघींना जादूची गरज काय? पाटबंधारे खात्यावर सरळ सामाजिक कादंबरी लिहावी.

धागाकर्ती, टिळकवाडी

गरज आहे, कारण खऱ्या जगात अकरावीतल्या मुलीच्या हाती धरणाचे दार कोणी देत नाही, आणि कादंबरीत ते देता येते. पन्नास पानांच्या गोंधळाचा आपला मुद्दा अथणीकरांनी सोडवला, म्हणून तो मी मागे टाकते. शिक्क्याचा मुद्दा मात्र मला अजून अर्धाच पटला आहे, कारण मी वाचलेल्या बहुतेक पुस्तकांत तो तिसरा माणूस तिसऱ्या भागाच्या अखेरीस उगवतो आणि तोवर दोघी एकमेकींना जाळत-बुडवत राहतात. दार उघडल्यावर खालच्या गावात काय झाले, हे त्याच प्रकरणात आले पाहिजे.