मदत हवी आहे: शक्तिमानची गिरकी कशी शूट केली असेल?

नमस्कार मंडळी,

घरात पेटलेलं भांडण मिटवायला मदत हवी आहे. 1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली तेव्हा मी तिसरीत होतो. मुकेश खन्ना गंगाधर झाले की आम्ही हसायचो आणि गिरकी सुरू झाली की श्वास रोखायचो. परवा भाच्याला जुने भाग दाखवले. पठ्ठ्याने पहिल्या पाच मिनिटांतच निकाल दिला, “मामा, केसांभोवती रंगाची कडा दिसतेय बघ. मागचं चित्र नुसतं चिकटवलंय!” दिसतेय खरी. उडताना केप एकीकडे आणि ढग भलतीकडे, हेही मान्य.

पण तो तिथेच थांबला नाही. (इंजिनिअरिंगला आहे, काय करणार.) सेकंदाला 10 गिरक्या धरल्या तर अक्षापासून 20 सेंमीवरच्या खांद्यावर गुरुत्वाच्या साधारण 80 पट ताण येतो, असं त्याने वहीत मांडून दाखवलं. लढाऊ विमानाचे वैमानिक खास सूट घालून 9 पट सोसतात म्हणे. मी म्हटलं, अरे, पंचमहाभूतांची शक्ती आहे ना! त्यावर तो नुसता हसला.

त्याचं गणित मला खोडायचं नाही, ते बरोबरच आहे. मला विचारायचंय ते शूटिंगबद्दल. ती गिरकी कशी घेतली असेल? फिरत्या चकतीवर नटाला उभं करून, की कॅमेऱ्याचा वेग बदलून, की सगळं एडिटिंग टेबलावर? त्या काळात मालिकांच्या तांत्रिक बाजूला काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. रविवारी भाचा पुन्हा येतोय.