बरेनमधील कॅरन : दोन दिवस पुरतील का?

प्रश्न (दादर) : आयर्लंडमधील क्लेअर काउंटीत बरेन हा चुनखडीचा खडकाळ प्रदेश आहे; तेथील कॅरन या वाडीएवढ्या वस्तीत मे महिन्यात दोन दिवस राहण्याचा विचार आहे. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. तेथे काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मुलुंड) : महिना उत्तम निवडला आहे, कारण बरेनच्या चुनखडीच्या फरशांमध्ये तेव्हा गर्द निळे जेन्शियन फुलते. वस्तीलगतचा टर्लॉक, म्हणजे भूगर्भातील पाणी वाढले की भरणारा आणि कोरड्या दिवसांत जमिनीतच जिरणारा तलाव, अवश्य पाहावा. मागच्या खेपेस जेथे पाणी पाहिले होते, तेथे पुढच्या खेपेस आम्हाला गाई चरताना दिसल्या. पूलनब्रोनचे ५,००० वर्षांहून जुने दगडी थडगे रस्त्यापासून जवळ आहे, मात्र तेथील खडकांमधल्या भेगांपासून जपावे. माझ्या वडिलांची काठी तेथे अशी रुतली की दोघांनी ओढून काढली.

उत्तर (गिरगाव) : एक भर घालतो. तेथील शेतकरी गुरे हिवाळ्यात डोंगरावर नेतात, आपल्याला हे उलटेच वाटेल. पण चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, जमीन कोरडी राहते आणि उन्हाळ्यात गुरे खाली आल्यावर फुलांना मोकळीक मिळते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. काठीऐवजी आईला हात देईन.