‘दमसास’ हा शब्द व्हायोलिनवादकाला लावता येतो का?

प्रश्न (राजारामपुरीहून)

परवा कोल्हापुरात देवल क्लबात व्हायोलिनची बैठक ऐकली. भूप रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल संपला आणि मागच्या ओळीतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, “काय दमसास आहे!” माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण गाणं शिकते. ती म्हणाली, दमसास गवय्याचा असतो, फार तर बासरीवाल्याचा नाहीतर सनईवाल्याचा. गजानं वाजणाऱ्या वाद्यात श्वासाचा काय संबंध?

कॉलेजच्या वार्षिक अंकात या बैठकीवर मी लिहिणार आहे. वादन उत्तम झालं हे नक्की, पण उत्तम कशामुळे ते सांगताना मी अडकलेय. ‘दमसास’ हा शब्द वापरावासा वाटतो. त्याचा नेमका अर्थ काय, आणि तो इथे बसतो का? दुसरा शब्द सुचवणार असाल तर ‘दमदार’ सोडून सुचवा. दमदार पाऊस, दमदार विजय, दमदार पुनरागमन, आता वादनही दमदार म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

प्रतिसाद (पेटीवादक, शाहूपुरी)

तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. दमसास म्हणजे श्वास टिकवण्याची ताकद. गवई एका श्वासात केवढी तान घेतो, तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, किती वेळ उभा राहतो, त्यावरून तो कळतो. व्हायोलिनचा गज टोकापर्यंत गेला की उलटा फिरवायचा, सूर चालूच राहतो. माझ्या पेटीचा भाताही रात्रभर हलवला तर सूर रात्रभर निघेल, म्हणून मला कुणी दमसासाचा वादक म्हणणार नाही. शब्दाला त्याची जागा असते.

मी लिहिलं असतं तर ‘तयारी’ म्हटलं असतं. त्या दिवशी टाळ्या कुठे पडल्या ते आठवा. द्रुतातल्या, म्हणजे जलद लयीतल्या तानांना आणि तबल्याबरोबरच्या सवाल-जवाबाला. हात तयार असल्याशिवाय ते होत नाही.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

दादा, तयारीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण आजोबांचा शब्द बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, आणि ते जरा सविस्तर मांडतो.

‘दम’ फारसीतून आला, ‘सास’ हे श्वासाचंच आपल्याकडे रुळलेलं रूप. दोन्हींचा अर्थ एकच. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज या जोड्या अशाच जमल्या आहेत, एक शब्द बाहेरून आलेला आणि एक इथला. जोडी झाली की अर्थ थोडा रुंदावतो. ‘कागदपत्रं आणा’ म्हटलं की कोरे कागद कुणी नेत नाही. तसा दमसास म्हणजे नुसता श्वास नव्हे. असलेला श्वास पुरवून वापरायची ताकद त्यात आली आणि तो कुठे सोडायचा, कुठे घ्यायचा याची जाणही आली. या दुसऱ्या अर्धुकाकडे आपलं दुर्लक्ष होतं आणि शब्द फुप्फुसापुरता उरतो.

आपल्या गावात हा शब्द गाण्याच्या बोलण्यात इतका मुरला त्याला कारण आहे. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर इथे होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत बढत, म्हणजे रागाचा विस्तार, ‘आ’कारानं चालते. एक फिरत सुरू झाली की लयीच्या अंगानं पुढे पुढे सरकत जाते, आणि मध्येच श्वासासाठी तुटली तर तिची सगळी घडण मोडते. ती गायकी ऐकणाऱ्याला ‘दमसास’ हा शब्द शोधावा लागत नाही.

आता व्हायोलिनकडे वळतो. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गवई आणि व्हायोलिनवादक, दोन्ही नात्यांनी मोठे. वडील अंतूबुवांकडून ग्वाल्हेरचं गाणं आलं, आणि जयपूरची तालीम मिळाली ती भूर्जीखाँसाहेबांकडून, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलाकडून. डी. के. दातार द. वि. पलुसकरांकडे शिकले. एन. राजम ओंकारनाथ ठाकुरांकडे. व्हायोलिनवर गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, वाढलं ते असं, गवय्यांसमोर बसून. मग गवय्याच्या श्वासाचं वादकानं काय केलं? माझं उत्तर असं, की तो त्यानं गजात आणला.

गज साधारण पाऊण मीटरचा असतो. मुठीकडे जड, टोकाकडे हलका. सूर लांबवायचा तर तो सावकाश ओढावा लागतो, आणि सावकाश ओढायचा तर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) जवळ आणून वजन वाढवावं लागतं. वजन थोडं कमी पडलं की सूर शीळ घातल्यासारखा पातळ होतो, थोडं जास्त झालं की करकरतो. त्यात गज टोकाकडे सरकेल तसा हलका होत जातो, म्हणून तर्जनीचा दाब मिनिटाला नव्हे, क्षणाक्षणाला बदलायचा. ऐकणाऱ्याला मात्र हे काही जाणवता कामा नये, त्याला एकच सरळ सूर ऐकू यायला हवा. (पावसाळ्यात आपल्या हवेत गजाचे केस सैलावतात, खुंट्या फुगतात, तेव्हा हे आणखी कठीण.) डाव्या हाताची तयारी लांबून दिसते. उजव्या हाताची ही मेहनत दिसतच नाही, आणि वादनाचा कस लागतो तो तिथे.

सारंगीला तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या जादा तारा असतात, गज थांबला तरी मागे गुंजन राहतं. व्हायोलिनला तरफा नाहीत. मोकळ्या तारा थोड्या गुंजतात, तेवढंच. म्हणजे सूर जिवंत ठेवायचा सगळा भार गजावर.

या सगळ्याचा रागाशी थेट संबंध आहे, आणि परवा भूप होता म्हणून सांगायला सोपं जाईल. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग), देसकारात धैवत (ध). व्हायोलिनला पडदे नाहीत, शब्द नाहीत, ऐकणाऱ्याला बंदिशीचे बोल सांगून मदत करता येत नाही. वादक गंधारावर किती वेळ, किती निवांत उभा राहतो यावरून भूप उभा राहतो. गंधार आखडता घेतला, धैवतावर रेंगाळला, की रागच हलला. अशा ठिकाणी बोटं कितीही चपळ असली तरी उपयोग नाही. तिथे दमसास लागतो, आणि मी जाणून तोच शब्द वापरतो आहे.

राहिला भात्याचा मुद्दा. दादा, तो मला तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. गज उलटा फिरवून सूर अखंड चालवता येतो, हे खरंच. गवय्याला शरीर थांबवतं, व्हायोलिनवाल्याला काहीच थांबवत नाही. म्हणूनच कच्चा वादक थांबत नाही. ओळीमागून ओळ, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. बंदिश मनात म्हणत वाजवणारा जिथे बोल संपतो तिथे गज उचलतो, आणि बोल चालू असताना गज पालटला तरी सांधा कळू देत नाही. गाण्याची साथ करताना तुम्हालाही गवई श्वास कुठे घेणार हे आधी उमगावं लागतं. गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरचेच, भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याबरोबर त्यांची पेटी असे. तुमच्या वाद्यात ही जाण किती मुरलेली आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रभाकर जोगांच्या वादनाला ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव पडलं आणि महाराष्ट्रभर रुळलं. भावगीत वाजवताना त्यातला शब्द न् शब्द कानाला कळायचा. नुसत्या मींडेनं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यानं, हे होत नाही. अक्षर कुठे सुटतं आणि कुठे जोडलेलं राहतं हे गजाला ठाऊक असावं लागतं. हल्ली जरा लांब मींड घेतली की ‘गायकी अंग’ म्हणून मोकळे होतात, त्याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद (गंगावेस)

काका, आमच्या तालमीत बी हा शब्द हाय. अंगात ताकद किती ते पयल्या दोन मिंटात कळतंय, पण कुस्ती लांबली की वस्ताद दमसास बघत्यात. घाईनं डाव टाकणारा आधी फेसाळतोय. ते तुमचं गजाचं वाचून पटलं. एक इचारतो, मग त्या सवाल-जवाबाला दम लागत न्हाई व्हय? घाम त्येंचा तवाच निघालेला.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

लागतो की! पण तिथे मी ‘दम’ म्हणेन, किंवा पेटीवाल्या दादांचा ‘तयारी’. द्रुतात गजाचे आघात छोटे आणि झपाट्याचे, मनगट सैल आणि लय पक्की हवी. व्ही. जी. जोगांच्या वादनात लयकारीचं हे अंग फार देखणं होतं, आणि बिस्मिल्लाखाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐकल्यात तर एक खरोखर श्वासावर वाजवणारा आणि एक गजावर वाजवणारा असे शेजारी शेजारी मिळतात. सनईचा श्वास जिथे संपतो तिथे व्हायोलिन काय करतं ते कान देऊन ऐका. आपल्या चर्चेला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रतिसाद (ताराबाई पार्क)

मी मुलांना पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकवते, म्हणून थोडंसं. आमच्याकडे एका गजात किती सूर घ्यायचे ते स्वरलिपीत वर कमान काढून दाखवलेलं असतं. तरी कमान पाळली म्हणजे संगीत झालं असं होत नाही. शिक्षक सर्रास ‘इथे श्वास घे’ असं सांगतात, आणि मुलं गज उचलताना खरोखर श्वास घेतातही. बाखची १७२० च्या सुमाराची डी मायनर पार्टिटा आहे, तिच्या शेवटी येणारी शाकोन एकट्या व्हायोलिननं सुमारे पाव तास पेलायची असते. साथीला कुणी नाही. सगळे सूर बिनचूक लावूनही ती पाचव्या मिनिटाला कोसळलेली मी ऐकली आहे, कारण कुठे थांबायचं हे वाजवणाऱ्यानं ठरवलेलंच नव्हतं. तेव्हा मला तर ‘दमसास’ हवाच आहे. वर्गात वापरणार.

प्रश्नकर्ती

काका, मग असं लिहू का? “व्हायोलिनचा दमसास थक्क करणारा होता.”

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

‘व्हायोलिनचा’ नको, ‘वादकाचा’ लिही. वाद्याला आस (सुराचं मागे रेंगाळणं) असते, गोलाई असते, दमसास माणसाला. आणि ‘थक्क करणारा’ काढून टाक, त्या जागी तू काय ऐकलंस ते सांग. उदाहरणार्थ: “भूपाच्या विलंबितात वादक गंधारावर निवांत थांबत होते. गज पालटला तरी सूर तुटत नव्हता, आणि मुखडा संपला की ते गज उचलून तबल्याला जागा देत. त्यांचा दमसास तिथे कळला.” सवाल-जवाबासाठी वेगळं वाक्य कर, त्यात ‘तयारी’ येऊ दे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नकोस.

प्रतिसाद (पेटीवादक, शाहूपुरी)

‘वादकाचा’ म्हणत असाल तर माझी हरकत राहत नाही. मला खटकत होतं ते वाद्याचा म्हणणं. पण टाळ्यांबद्दल मी माझ्या मतावर आहे. शेवटच्या तिहाईला (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येताना) एवढ्या गतीतही त्यांनी एक सूर पिचू दिला नाही, समेवर गज अगदी अलगद टेकला. ताई, ते वाक्य लहान करू नका.